शरदातील पदभ्रमण : पुणे परिसरातील चार सुलभ डोंगरवाटा

नवरात्राचे घट बसतात त्या सुमारास सह्याद्रीचे रूप पालटू लागते. चार महिने ढगांत बुडालेली शिखरे मोकळी होतात, ओढ्यांचे गढूळ पाणी निवळते, मावळातील भातखाचरे पिवळी पडू लागतात आणि गडांच्या उतारांवर सोनकीची पिवळी फुले दाटतात. आश्विन आणि कार्तिक हे शरद ऋतूचे दोन महिने होत. पावसाळ्यातील निसरडे आणि उन्हाळ्यातील दाह या दोहोंच्या मधला हा काळ डोंगर पायी पाहण्यास विशेष अनुकूल असतो. पुण्यासारख्या महानगरात राहणाऱ्या कुटुंबाला, शाळेला अथवा कार्यालयीन मित्रमंडळाला सकाळी निघून सायंकाळी घरी परतता येईल अशा अनेक वाटा या शहराच्या सभोवती आहेत. त्यांपैकी चार वाटांचा परिचय करून देणे आणि त्यानिमित्ताने शिक्षक, अधिकारी व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे काही विचार मांडणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एका सहलीचा धडा

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या सहलीसमवेत एका गडावर जाण्याचा योग मला आला. बेचाळीस विद्यार्थी आणि दोन शिक्षक होते. बस पायथ्याशी पोहोचण्यास साडेदहा वाजले आणि प्रत्यक्ष चढण अकराच्या पुढे सुरू झाली. महिना ऑक्टोबरचा, आकाश निरभ्र, वाटेवर सावली नाही. शिक्षकांनी आदल्या आठवड्यात गडाचा इतिहास उत्तम रीतीने शिकविला होता आणि मुलांना तो मुखोद्गत होता. परंतु प्रत्येकाजवळ पाण्याची एकेक लहान बाटलीच होती आणि ती पहिल्याच टप्प्यावर संपली. शेवटच्या वळणाशी सातवीतील एक मुलगी भोवळ येऊन खाली बसली. सकाळी ती न्याहारी न करताच निघाली होती, हे तेव्हा कळले.

ताक विकण्यास गडावर निघालेल्या पायथ्याच्या गावातील एका मावशींनी तिला कातळाच्या सावलीत निजविले, ओला पदर कपाळावर ठेवला आणि मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजले. तासाभराने मुलगी सावरली. मात्र सर्व वेळापत्रक कोलमडले. उतरताना अंधार पडला आणि दोन विजेऱ्यांच्या उजेडात बेचाळीस मुले खाली आणावी लागली. रात्री नऊ वाजता शाळेच्या दाराशी चिंतातुर पालक उभे होते. अनर्थ टळला, हे सुदैव.

त्या सहलीतील कोणीही बेपर्वा नव्हते. चूक एवढीच झाली की, इतिहासाची तयारी झाली आणि पाण्याची, वेळेची व माणसांची बेरीज कोणी केली नाही. सुलभ वाट म्हणजे तयारीविना जाण्याची वाट, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो दूर होणे अगत्याचे आहे.

ऋतूचे स्वरूप

नैर्ऋत्य मोसमी पाऊस पुणे परिसरातून सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो. या संक्रमणकाळाची तीन लक्षणे पदयात्रीने ध्यानात ठेवावीत. पहिले म्हणजे पहाटेचा गारवा आणि दुपारचे कडक ऊन यांतील मोठे अंतर. ज्याला आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो ते ऊन वैशाखातील उन्हाइतके दिसण्यात उग्र नसले, तरी हवेतील ओलाव्यामुळे शरीराला अधिक थकविते. दुसरे लक्षण परतीच्या पावसाचे. सकाळ स्वच्छ असली तरी दुपारनंतर ढग जमून विजांसह सरी कोसळतात. अशा वेळी उघडी माची, बुरूज अथवा एकट्या झाडाचा आसरा धोक्याचा ठरतो. गडगडाट ऐकू येताच उंच भाग सोडून खाली उतरू लागावे. तिसरे लक्षण लहान होत जाणाऱ्या दिवसाचे. ऑक्टोबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि डोंगराच्या पूर्वेकडील घळीत त्याच्याही आधी अंधारते.

या तिन्ही गोष्टींवरून एक सोपा नियम निघतो : सकाळी सातच्या सुमारास चालू लागावे, अकरापूर्वी माथा गाठावा आणि चारच्या आत पायथा गाठावा.

पहिली वाट : वेताळ टेकडी

डोंगराची सवय नसलेल्यांनी आरंभ शहरातच करावा. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर वसले आहे आणि शहराच्या पश्चिमेस असलेली वेताळ टेकडी सुमारे ८०० मीटर उंच आहे. विधी महाविद्यालयाच्या मागून, चतुःशृंगीच्या बाजूने अथवा पाषाणकडून टेकडीवर जाता येते. माथ्यावर वेताळाचे देऊळ असून जुन्या दगडखाणीत पाणी साठते. मोरांचा आवाज पहाटे हमखास ऐकू येतो. हिवाळ्यासाठी उत्तरेकडून येणारे धोबी पक्षी या दिवसांत पाणथळ जागी शेपटी हलवीत फिरताना दिसतात.

दोन-तीन तासांच्या या फेरीत आपल्या चालण्याचा वेग, पायातील जोड्यांची योग्यता आणि लागणारे पाणी यांचा अंदाज येतो. शिक्षकांनी गडावरील सहलीपूर्वी विद्यार्थ्यांना एकदा तरी अशा टेकडीवर चालवून आणावे.

दुसरी वाट : सिंहगड

पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे ३० किलोमीटरवर असलेला सिंहगड हा पुणेकरांचा सर्वांत परिचित गड होय. त्याचे जुने नाव कोंढाणा. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १,३०० मीटर आहे. स्वारगेटहून सार्वजनिक बसने खडकवासला धरणाच्या काठाने पायथ्याशी जाता येते. मोटाररस्ता थेट वर जात असला तरी आतकरवाडीहून जाणारी पायवाट हीच खरी वाट. चढ सुमारे सहाशे मीटरचा असून सावकाश चालणाऱ्यास दोन तास पुरतात. वाट मळलेली असल्याने चुकण्याची भीती नाही. परंतु चढ सलग असल्यामुळे दर वीस मिनिटांनी थोडे थांबणे हितावह.

४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे यांनी येथे देह ठेवला, हे प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असते. छत्रपती राजाराम महाराजांचा अंत १७०० मध्ये याच गडावर झाला आणि त्यांची समाधी येथे आहे, हे मात्र अनेकांना सांगावे लागते. कल्याण दरवाजा, देवटाके, कोंढाणेश्वराचे देऊळ आणि लोकमान्य टिळकांचा बंगला पाहून, गडावरील पिठले-भाकरी व मडक्यातील दही यांचा आस्वाद घेऊन दुपारी आल्या वाटेने उतरावे. भूगोल शिकविणाऱ्यास तर हा गड म्हणजे उघडे पुस्तकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले. त्या थरांच्या पायऱ्या समोरच्या डोंगरांवर आडव्या रेघांप्रमाणे स्पष्ट दिसतात. कठीण थराचा उभा कडा बनतो, मृदू थराची उतरण बनते. गडांना नैसर्गिक तट लाभले ते यामुळेच.

तिसरी वाट : भाजे आणि लोहगड

पुणे–लोणावळा लोकलने मळवली स्थानकावर उतरावे. द्रुतगती मार्गावरील पूल ओलांडून भाजे गावात आले की पायऱ्यांची वाट लेण्यांकडे जाते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात आरंभ झालेला हा बावीस लेण्यांचा समूह आहे. चैत्यगृहातील खांब किंचित आत कललेले आहेत. लाकडी बांधकामात छताचा भार पेलण्यासाठी खांब असे कलते ठेवावे लागत. दगडात त्याची गरज नसतानाही कारागिरांनी जुनी रीत सोडली नाही. एका माध्यमाची सवय दुसऱ्या माध्यमात कशी उतरते, याचे इतके बोलके उदाहरण विद्यार्थ्यांना अन्यत्र दाखविणे कठीण. जवळच चौदा स्तूपांचा समूह आहे आणि दक्षिणेकडील विहारात सूर्य व इंद्र यांची मानली जाणारी शिल्पे आहेत. तेथेच तालवाद्य वाजविणारी स्त्री कोरलेली आहे.

भाज्याहून वाट चढत लोहगड आणि विसापूर यांमधील गायमुख खिंडीत येते. तेथून लोहगडवाडी व पुढे रुंद पायऱ्यांनी गड. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात. वाट नागमोडी ठेवण्यामागचा हेतू मुलांना प्रत्यक्ष उभे करून समजावून द्यावा. दरवाज्यासमोर येणाऱ्या शत्रूवर प्रत्येक वळणावर वरून मारा करता येई. १,०३३ मीटर उंचीच्या माथ्यावरून पवना जलाशय, तिकोना आणि तुंग यांचे विहंगम दर्शन होते. विंचूकाटा ही लांब, अरुंद माची येथून विंचवाच्या नांगीसारखी भासते. १६६५ च्या पुरंदर तहात मोगलांना द्यावा लागलेला हा गड १६७० मध्ये पुन्हा स्वराज्यात आला. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यांत लोहगड आहे.

स्थानकापासून माथ्यापर्यंत लेणी पाहत गेल्यास तीन-साडेतीन तास लागतात. दुपारच्या वेळी लोकलगाड्यांमधील अंतर वाढते, म्हणून परतीचे वेळापत्रक आधीच टिपून ठेवावे. लेणी व गड यांच्या उघडण्या-मिटण्याच्या वेळाही पाहून घ्याव्यात. पायऱ्यांवर पावसाळ्यातील शेवाळ ऑक्टोबरच्या आरंभी टिकून असते. उतरताना घाई करू नये.

चौथी वाट : मल्हारगड

ज्यांच्याबरोबर लहान मुले अथवा वयोवृद्ध आहेत, त्यांच्यासाठी दिवे घाटापलीकडील मल्हारगड उत्तम. सासवड रस्त्यावरून झेंडेवाडीकडे अथवा सोनोरी गावाकडे वळावे. झेंडेवाडीच्या बाजूने चढण जेमतेम पाऊण तासाची आहे. अठराव्या शतकात, पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानसे घराण्याने हा गड बांधविला. महाराष्ट्रातील शेवटी बांधल्या गेलेल्या गडांत त्याची गणना होते. सोनोरीत पानशांचा वाडा आहे. लहानसा बालेकिल्ला, खंडोबा व महादेव यांची देवळे, विहिरी आणि समोर पुरंदर-वज्रगडाची जोडी एवढे पाहून दुपारपूर्वीच खाली येता येते.

पुरंदर तालुक्याचे वैशिष्ट्य असे की, येथील शरद ऋतू जिभेलाही कळतो. या दिवसांत सासवडच्या बाजारात सीताफळांच्या पाट्या रांगेने मांडलेल्या असतात. पुरंदरच्या अंजिरास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परतताना शेतकऱ्याकडून फळे विकत घेणारा प्रवासी त्या मुलखाचे देणे थोडेफार फेडतो.

पूर्वतयारी

प्रत्येक प्रौढाने किमान तीन लिटर आणि मुलाने दोन लिटर पाणी जवळ ठेवावे. गडावरील टाक्यांचे पाणी कितीही नितळ दिसले तरी शुद्ध केल्यावाचून पिऊ नये. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ मिसळले की जलसंजीवनी तयार होते. चमचा चहाचा असावा. टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, पक्की पकड असलेले जोडे, विजेरी, शिटी आणि प्रथमोपचाराची पेटी या वस्तू अनावश्यक ओझे मानू नयेत.

गवत अद्याप उंच असल्याने पायवाट सोडून चालू नये व दगडांच्या फटीत हात घालू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी सर्प असून फुरसे दगडांखाली आढळते. दंश झाल्यास जखम कापणे, चोखणे किंवा आवळून बांधणे हे सर्व घातक आहे. रुग्णास धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून त्यास त्वरित शासकीय रुग्णालयात न्यावे. कड्यांवर आग्या मधमाश्यांची मोहोळे असतात. तेथे धूर, दगडफेक, गोंगाट व उग्र सुगंधी द्रव्ये पूर्णतः वर्ज्य समजावीत. माश्या उठल्याच, तर हात न झटकता तोंड झाकून त्या जागेपासून दूर जावे.

शिक्षकांसाठी

सहलीची पूर्वपरवानगी व पालकांची संमती यांची कागदपत्रे आपण पूर्ण करतोच. त्यांच्या जोडीला तीन गोष्टी कराव्यात. एक, सहलीपूर्वी कोणी तरी शिक्षकाने ती वाट स्वतः चालून यावी. दोन, दहा-बारा विद्यार्थ्यांमागे एक प्रौढ ठेवावा. एक जाणता पुढे आणि एक सर्वांत मागे असावा, आणि मागच्याच्या मागे कोणीही राहू नये. तीन, निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाने न्याहारी केली आहे काय, हे विचारावे. हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. तो त्या दिवशी आम्ही विचारला असता, तर पुढचा सारा प्रसंग टळला असता.

वर्गात परत आल्यावर निबंधाऐवजी नकाशा काढावयास सांगावा. सोंड, खिंड, माची, कडा, टाके, बुरूज हे शब्द पाठ्यपुस्तकातून पाठ होतात. पायांनी ओळखलेले शब्द मात्र आयुष्यभर विसरत नाहीत. मुलाच्या नकाशात खिंड योग्य जागी आली, तर सहल सार्थकी लागली असे समजावे.

ग्रामपंचायतींसाठी

गडाच्या पायथ्याचे गाव हे त्या गडाचे पहिले राखणदार असते. सुटीच्या दिवशी शेकडो वाहने आली की शेताच्या बांधावर गाड्या लागतात, ओढ्यात बाटल्या साचतात आणि गावाच्या वाट्याला केवळ धूळ येते, अशी तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते. ती रास्त आहे. तिच्यावरील उपायाचे एक उदाहरण सिंहगडाचेच आहे. तेथे वाहनांकडून उपद्रव शुल्क घेतले जाते आणि वन विभागासमवेत स्थानिकांची समिती व्यवस्थेत सहभागी असते. इतर गावांनीही ग्रामसभेत विषय घेऊन, वन व पुरातत्त्व विभागांशी विचारविनिमय करून वाहनतळ, स्वच्छतागृहे आणि कचरा संकलन यांची व्यवस्था लावावी. गावातील तरुणांना वाटाडे म्हणून तयार करावे, महिला बचत गटांना भोजनाची सोय सोपवावी. पायथ्याशी एक फलक अवश्य असावा : वाटेचे अंतर, लागणारा वेळ, पाण्याची ठिकाणे, उतरण्यास निघण्याची अखेरची वेळ आणि ११२ व १०८ हे दोन क्रमांक. असा फलक उभारण्यास फार खर्च येत नाही. एखाद्या संध्याकाळी मात्र त्याचे मोल पैशांत होत नाही.

राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी आहे. संरक्षित स्मारकाचे नुकसान करणे अथवा त्यावर नावे कोरणे हा १९५८ च्या केंद्रीय कायद्यान्वये गुन्हा असून २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि, दंडाच्या भयापेक्षा गावकऱ्याचा एक सौम्य शब्द अधिक परिणाम करतो, असा अनुभव आहे.

समारोप

आपल्या संविधानात १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. आपल्या संमिश्र संस्कृतीचा समृद्ध वारसा जतन करणे आणि वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे ही त्यांपैकी दोन होत. ही कर्तव्ये पाठ करून घेण्यास एक तास पुरतो. ती अंगी बाणण्यासाठी मात्र मुलाने एकदा तरी स्वतःच्या पायांनी गड चढला पाहिजे, टाक्यातील पाण्यात तरंगणारी बाटली पाहून त्याला वाईट वाटले पाहिजे आणि ती उचलण्यास त्याचा हात आपोआप पुढे गेला पाहिजे.

शरद ऋतू दोनच महिन्यांचा. या महिन्यांतील एक सुटी त्यासाठी राखून ठेवावी. पाणी पुरेसे घ्यावे, पहाटे निघावे, आणि दिवस मावळण्यापूर्वी सर्वांना, मोजून, सुखरूप घरी आणावे.